हुमायूंपूरची नागा खानावळ: अखुनी कमी घालू नका!

दिल्लीत सफदरजंग एन्क्लेव्हला लागून हुमायूंपूर. गल्ली एवढी अरुंद की स्कूटर आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. वरच्या मजल्यावरच्या या नागा खानावळीचा जिना चढतानाच अखुनीचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, वास येतो. मला तरी त्यानेच भूक लागते.

धुरावलेलं पोर्क अखुनी घालूनच मागवा. जाड चरबी, दाट रस्सा, तेल जवळजवळ नाहीच. राजा मिरचीची चटणी नखभर पुरे. मी मालवणची, तरी कानातून धूर निघाला. गाल्हो, म्हणजे पाला घातलेला मऊ भात, मात्र पचपचीत होता.

वाढणारा मुलगा आधीच विचारतो, "मॅम, अखुनी कम डालें?" त्याला विचारावं लागतं, याचा राग येतो. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत अखुनी, बांबूचे कोंब असले 'वासाचे' पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न देता शिजवा, असा सल्ला होता. कपडे कसे घालावेत तेही होतं! पुढे २०१४ मध्ये लाजपत नगरात केसांवरून टिंगल, मग मारहाण, आणि अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा जीव गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी पाहायला बेझबरुआ समिती नेमली गेली.

माझी घरमालकीणही सुकटावरून कुरकुरते. पण मी सुकट न करता बाहेर पडले की विषय संपतो. या मुलाला चेहरा घरी ठेवून येता येत नाही.

शनिवारी रात्री जागा मिळत नाही, दुपारी जा. दोघांचं आठशेत होतं. चार तारे, एक गाल्होचा कापला.