एचएमटी जनताचे पार्ट हवेत? कसबा पेठेतल्या काकांकडे जा

सासऱ्यांचं एचएमटी जनता घड्याळ, चावीचं, १७ ज्वेलवालं (आत घर्षण कमी करणारे १७ छोटे खडे), हातातून पडलं आणि बॅलन्सचा, म्हणजे आत मागे-पुढे फिरणाऱ्या चाकाचा, पिव्होट (आसाचं बारीक टोक) तुटला. क्राउन (चावी द्यायची गुंडी) आधीच झिजून गुळगुळीत झालेला. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झालाय, त्यामुळे कंपनीकडून पार्ट हा विषयच नाही. एका मोठ्या एसी दुकानात तर सरळ म्हणाले, आतलं मशीन काढून क्वार्ट्झ टाकून देतो, सेल घाला की झालं. म्हटलं राहू द्या.

मग मित्राने पुण्यातल्या कसबा पेठेत एका घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे पाठवलं. जिन्याखालची जागा, पाटी नाही. काकांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने बॅलन्स हलवून दाखवला, चाक एका बाजूला कलंडलेलं मलापण दिसलं. म्हणाले, "सुटा पार्ट शोधत फिरू नका, जुन्या बाजारातून एखादं बंद एचएमटी पायलट घड्याळ उचला, पण मशीनवर ०२३१ हा नंबर बघूनच घ्या." जनतातपण तेच मशीन असतं, म्हणजे बॅलन्स, स्प्रिंग, स्टेम (क्राउनची दांडी) सगळं बसतं, काच आणि डायल मात्र केसच्या मापाने बघायचं. अजून एक सांगितलं, स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर आत आधीच कोणीतरी हात मारलाय, सोडून द्या. आणि जुन्या बाजारात ती लाल-निळी चकाचक डायलवाली घड्याळं दिसतात ना, ती बहुतेक नंतर रंगवलेली, बाहेरचे कलेक्टर त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. घालायला घेणार असाल तर जपून, पण आपल्याला पार्टच काढायचे तर डायल कसली का असेना.

काकांनी बॅलन्स त्याच्या बारीक हेअरस्प्रिंगसकट बदलला, सगळं खोलून साफ केलं, तेल दिलं, काच घासून दिली, आणि काढलेले पार्ट कागदाच्या पुडीत बांधून परत दिले, हे मला फार आवडलं. दिवसाला मिनिटभर पुढे जातंय, चावीच्या घड्याळाला तेवढं चालतंच.

तक्रार म्हणाल तर क्राउन ओरिजिनल मिळाला नाही, साधाच बसवलाय, पण ते त्यांनी आधी विचारूनच केलं. वेळ भरपूर लावतात आणि फोन उचलतच नाहीत, घाईवाल्यांनी जाऊच नये. पैसे वाजवी, घासाघीस केलीत तर घड्याळ परत हातात देतील.

बुधवारी सकाळी जाऊ नका, काका स्वतःच जुन्या बाजारात असतात.