डेबियन: बडोद्यातील दोन लिप्यांच्या कामासाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचे मराठी आणि गुजराती भाषांतराचे छोटे कार्यालय आहे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबणार हे जाहीर झाले होते आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची अट आमचे जुने संगणक पूर्ण करत नव्हते. चांगले चालणारे संगणक केवळ त्यासाठी मोडीत काढणे पटेना, म्हणून त्यांवर विंडोजऐवजी डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मोफत संगणक प्रणाली (तिची १२ वी आवृत्ती) बसवली आणि पुढे त्याच संगणकांवर ती १३ व्या आवृत्तीवर नेली.

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्याची 'स्थिर' आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. प्रकाशनापूर्वी नव्या गोष्टी घेणे थांबवून दोष काढत बसण्याची तेथील पद्धत आहे. प्रकाशनानंतर त्या आवृत्तीत मुख्यतः सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या येतात, त्यामुळे एखाद्या सकाळी मेनूची जागा बदललेली आढळत नाही. ज्यांना दर महिन्याला काहीतरी नवे हवे असते त्यांना ही प्रणाली कंटाळवाणी वाटेल. मुदतीत दस्तऐवज द्यायचा असतो तेव्हा मला हा कंटाळा फार मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीला तीन वर्षांचा पूर्ण आधार आणि त्यानंतर दोन वर्षांचा दीर्घकालीन आधार आहे.

आमच्या दृष्टीने खरी परीक्षा टंकलेखनाची होती. आयबस या टंकलेखनाच्या सोयीत मराठी आणि गुजराती इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) हे दोन्ही कळफलक जोडले की एका कळसंचाने लिपी बदलता येते, आणि इनस्क्रिप्टची मांडणी सर्व भारतीय लिप्यांत जवळजवळ सारखीच असल्यामुळे 'क' ची कळ गुजरातीतही 'ક' ऐवजी दुसरे काही देत नाही. बोटांना नवे शिकावे लागत नाही. 'दुसऱ्या', 'बऱ्याच' यांतील ऱ्य जोडाक्षरही लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) नीट उमटते. पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंसाठी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडल्यामुळे चार जीबी मेमरीचा संगणकही या कामाला पुरतो. १२ व्या आवृत्तीपासून वाय-फायसारख्या भागांना लागणारे मुक्तस्रोत नसलेले फर्मवेअर (ते भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) प्रणाली बसवण्याच्या माध्यमातच दिले जाते, त्यामुळे पूर्वी नवख्यांना अडवणारी एक मोठी कटकट उरलेली नाही.

उणिवा आहेत. युनिकोडपूर्व फाँटमधील जुन्या फायली आधी रूपांतरित कराव्या लागतात आणि त्यानंतर ओळ न् ओळ तपासावी लागते. वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची कोष्टके कधी कधी हलतात, म्हणून अंतिम प्रत आम्ही पीडीएफमध्येच देतो. ज्यांचे सर्व हिशेब टॅलीवर आहेत, किंवा डिजिटल सहीचे टोकन फक्त विंडोजवर चालते, त्यांनी एक संगणक जुन्या प्रणालीवर ठेवावा. आम्हीही एक तसाच ठेवला आहे, मात्र भाषांतराचे काम त्यावर कोणी करत नाही. बसवण्याआधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि पेन ड्राइव्हवरून 'लाइव्ह' (संगणकावर न बसवता चालणारी) आवृत्ती चालवून छपाईयंत्र ओळखले जाते का, हे पाहून घ्यावे.