प्रोफाइल चकाचक करून देणाऱ्यांपासून जपून

माझी बहीण अकाउंट्समधली, बाळ झाल्यावर नोकरी सोडली होती आणि आता परत शोधतेय. लिंक्डइनच्या फोटोवर तिने ते हिरवं 'ओपन टू वर्क' लावलं आणि लगेच फोन, "मॅडम तुमचा प्रोफाइल रिक्रूटरच्या सर्चमध्ये येतच नाहीये, आम्ही ऑप्टिमाइझ करून देतो." ती हिरवी पट्टी रिक्रूटरला दिसते तशी या लोकांनाही दिसते. सेटिंगमध्ये फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय असतो, तो ठेवलेला बरा.

आधी साडेतीन हजार, मग त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, मग 'रिफंडेबल' इंटरव्ह्यू डिपॉझिट म्हणून पाच हजार. क्यूआर स्कॅन केला की कंपनीचं नाव नाहीच, कुणा माणसाचं नाव यायचं, विचारलं तर म्हणे ते आमचे फायनान्स हेड. पावतीवर जीएसटी नंबर मात्र ऐटीत छापलेला, मोजला तर 13 अक्षरी! खरा 15 अक्षरी असतो आणि जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. अकाउंट्सवाल्या बाईला असली पावती पाठवायची म्हणजे हद्दच, तिनेच पकडलं ते, पण पावती आली तोवर पैसे गेले होते.

पैशांचं एक वेळ सोडा हो. 'एडिट करायला' म्हणून पासवर्ड घेतला होता आणि जी वर्षं ती घरी होती तिथे सरळ 'सिनियर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' टाकून दिलं, अशा कंपनीत जिचं नावही तिने ऐकलं नव्हतं, आणि तोच बायोडेटा पुढे पाठवला. तिला सांगितलं फक्त "कीवर्ड सेट केलेत मॅडम". मग एका खऱ्याखुऱ्या कंपनीचा फोन आला, इंटरव्ह्यू मस्त झाला, घरी सगळे खूश, आणि एचआरने यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागितला. पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडली की कुठे कधी लागलात, कधी सोडलं सगळं समोर येतं, आणि तिथे ती कंपनी नाहीच. ती जीव तोडून सांगत होती की हे मी लिहिलेलं नाही, पण प्रोफाइल तिच्याच नावाचा ना. एका ओळीचा मेल आला, बॅकग्राउंड चेकमध्ये मिसमॅच, विषय संपला. त्या माणसाला जाब विचारला तर म्हणतो "सगळेच टाकतात मॅडम" आणि मग नंबर ब्लॉक.

गॅप लपवायची गरजच नव्हती खरं तर. लिंक्डइनवर 2022 पासून 'करिअर ब्रेक' असं वेगळं टाकता येतं, मूल सांभाळण्यासाठी घेतलेला ब्रेकही त्यात बसतो, आणि ते फुकट आहे. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, तिथे 'मेहनती, ध्येयवादी' असलं काही लिहू नका, टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस असं रिक्रूटर जे टाइप करून शोधतो ते लिहा. नोकरी डॉट कॉमवर शहर आणि नोटीस पिरियड भरलेला हवा, कारण चाळणी त्यावरही लागते. हे सगळं आम्ही नंतर एका रविवारी चहा पीत बसून केलं.

पासवर्ड बदललाय, टू स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय वेगळा कोडही लागतो ते) चालू केलंय, आणि 'कुठे कुठे लॉगिन आहे' त्या यादीतून अनोळखी डिव्हाइस काढून टाकलेत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीय. असं झालं तर ताबडतोब फोन करा, पैसे समोरच्याच्या खात्यात असतील तोवर ते अडवणं सोपं असतं, आमच्या बाबतीत ते आधीच पुढे सरकले होते. आता कुणी तिच्या जुन्या बायोडेटाची कॉपी पाहून फोन केला की ती पहिल्याच वाक्यात सांगते, त्यातला शेवटचा जॉब खोटा आहे, तो मी टाकलेला नाही.