रस्ता सुरक्षेच्या नावावर गेलेले ३,८६,५०० रुपये आणि ती सात जणांची यादी

माझ्या हातून ३,८६,५०० रुपये गेले. त्यांपैकी १,२५,००० रुपये माझे स्वतःचे होते आणि २,६१,५०० रुपये आमच्या वसाहतीतील ७४ घरांनी माझ्या शब्दावर दिलेले होते. पैसे घेणारी संस्था रस्ता सुरक्षेचे काम करते असे सांगते. वकिलांनी बजावल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही, पण तिची माणसे नागपुरात अजूनही वसाहती आणि शाळा गाठत आहेत, म्हणून तिचे माहितीपत्रक हातात पडले तर ओळखता येईल इतके तपशील मी देणार आहे.

रस्ता सुरक्षा हा माझ्यासाठी वर्गणीपुरता विषय नव्हता. माझा पुतण्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. डिसेंबर २०२२ मध्ये रात्रपाळी संपवून परत येताना वर्धा रोडवर उभ्या असलेल्या ट्रकवर त्याची दुचाकी मागून आदळली. त्या ट्रकला मागे ना दिवा होता, ना चमकणारी पट्टी. त्या एका वर्षात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो, आणि त्यांतला एक आमच्या घरचा होता. त्यामुळे जून २०२५ मध्ये शाळा सुरू झाल्यावर, मानेवाडा रिंग रोडजवळच्या आमच्या शाळेसमोर मुले ओलांडतात तेथे काहीतरी करावे, असे वसाहतीच्या बैठकीत ठरले तेव्हा पुढाकार मी घेतला.

संस्थेचा 'प्रकल्प समन्वयक' त्याच आठवड्यात आला. पस्तिशीचा, नीटनेटका, पहिल्या वाक्यापासून मला 'काकाजी' म्हणणारा. त्याने १,६८,४९१ हा आकडा न अडखळता सांगितला. आकडा खरा होता आणि माझ्या मनात तो कोरलेलाच होता, त्यामुळे हा माणूसही खराच असणार असे मी धरून चाललो. मग त्याने गुळगुळीत कागदावर छापलेले आठ पानी माहितीपत्रक उघडले आणि तिसऱ्या पानावरचे विश्वस्त मंडळ दाखवले. सात छायाचित्रे होती आणि प्रत्येकाखाली हुद्दा छापलेला होता: वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले पोलीस उपायुक्त, एम.एस. झालेले अस्थिरोगतज्ज्ञ, दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेतील निवृत्त शास्त्रज्ञ, सनदी लेखापाल, उच्च न्यायालयात वकिली करणारे विधिज्ञ, विमा सर्वेक्षक आणि माजी मुख्याध्यापिका.

ही यादी मी तीनदा वाचली. अपघात झाला की ज्या ज्या दारांशी माणसाला जावे लागते, म्हणजे पोलीस ठाणे, इस्पितळ, विमा कंपनी, न्यायालय, त्या प्रत्येक दाराचा जाणकार तेथे बसवलेला होता. रस्त्याची रचना समजणारा शास्त्रज्ञही होता. रस्ता सुरक्षेच्या चांगल्या संस्थेचे मंडळ असेच असायला हवे, हे मला ठाऊक होते, आणि नेमके तेच ठाऊक असल्यामुळे मी फसलो. ज्याने ही यादी जुळवली, त्याला कोणत्या वाचकाच्या मनात काय भरेल हे पक्के कळत होते. सात जणांपैकी एकालाही मी फोन केला नाही. बैठकीला हजर असलेल्या ३१ जणांपैकीही कोणाला ते सुचले नाही, आणि त्या ३१ जणांत दोन वकील व एक निवृत्त प्राध्यापक होते, हेही मला येथे नोंदवायचे आहे.

आता ज्या क्षणी मला थांबायला हवे होते त्याविषयी सांगतो. ४ जुलैला 'प्राथमिक पाहणी शुल्क' म्हणून २५,००० रुपये देण्यासाठी त्याने क्यूआर कोड पुढे केला. मी तो स्कॅन केला. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर संस्थेचे नाव आले नाही. कोणत्यातरी 'ट्रेडर्स'चे नाव आले. मी ते वाचले आणि मोठ्याने उच्चारलेही. तो शांतपणे म्हणाला, "काकाजी, संस्थेच्या खात्याचे केवायसी नूतनीकरण चालू आहे. हे आपल्या फलकवाल्या पुरवठादाराचे खाते आहे, पावती संस्थेचीच मिळेल." मी तेहतीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काम केले. खाते एकाचे आणि पावती दुसऱ्याची असेल तर काउंटरवरचा नवा लिपिकसुद्धा कागद परत करतो. माझे बोट पडद्यावर थांबले होते. त्याच वेळी त्याने माहितीपत्रकातील अस्थिरोगतज्ज्ञांच्या छायाचित्रावर बोट ठेवून विचारले, "तुमच्या पुतण्याला मेडिकलमध्ये नेले होते का? डॉक्टर साहेबांना अशा केसेसचे फार वाईट वाटते." मी पिन दाबला. त्या दहा सेकंदांचा राग मला आजही पैशांपेक्षा जास्त येतो.

दुसरी खूण दोनच दिवसांनी मिळाली. ६ जुलैला 'शास्त्रज्ञ' पाहणीसाठी आले, आणि तो रविवार होता. शाळेसमोरच्या रस्त्याची पाहणी शाळा बंद असलेल्या दिवशी कोणता जाणकार करील? नारिंगी जाकीट घातलेला तो माणूस वीस मिनिटे थांबला, मोबाइलवर अकरा छायाचित्रे काढली आणि रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली. आमच्यातील एका मुलीने, जी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यांना 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे नेमके काय असे विचारले. "जेथे अपघात होतात ती जागा, बेटा," असे उत्तर आले. महामार्गांसाठीची सरकारी व्याख्या स्पष्ट आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू. रस्ते संशोधनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. ती मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली की या माणसाला काही येत नाही. आईने मला सांगितले, आणि मी तिला म्हणालो की मोठी माणसे सोप्या भाषेत बोलतात. त्या मुलीची मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली आहे.

२४ जुलैला पाहणीचा अहवाल, फलक आणि गतिरोधकांसाठी १,६१,५०० रुपये एनईएफटीने त्याच 'ट्रेडर्स'च्या खात्यात गेले. एनईएफटी करण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून बँकांना बंधनकारक केली आहे, म्हणजे ते नाव माझ्यासमोर दुसऱ्यांदा आले होते. ११ ऑगस्टला १५० हेल्मेटांसाठी प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे ७५,००० रुपये दिले, आणि त्याच दिवशी पुतण्याच्या नावाने अपघातग्रस्तांसाठीच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाला मी माझे १,२५,००० रुपये दिले. हेल्मेटांचे वाटप तान्हा पोळ्याला, मुले लाकडी बैल घेऊन जमतील तेव्हा होणार होते. नमुना म्हणून आलेल्या बारा हेल्मेटांवर आयएस ४१५१ या भारतीय मानकाची खूण नव्हती. तशी खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकायला २०२१ पासून बंदी आहे. कोणी रस्ता सुरक्षेच्या नावाने हेल्मेट देत असेल तर आधी ते उलटे करून ती खूण पाहा.

तान्हा पोळ्याला मुले आली, संस्थेचे कोणी आले नाही. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी मी अस्थिरोगतज्ज्ञांच्या इस्पितळाचा क्रमांक शोधून फोन केला. चार मिनिटांत सगळे उघड झाले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात अर्धा तास भाषण केले होते, तेथे छायाचित्र काढले गेले होते, आणि ते विश्वस्त असल्याचे त्यांनी प्रथमच माझ्या तोंडून ऐकले. "तुम्ही पैसे देण्याआधी मला फोन का केला नाही?" असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी फाइलमधला प्रत्येक कागद पाहिला. लेखापरीक्षण अहवालावर सही आणि शिक्का होता, पण यूडीआयएन नव्हता. सनदी लेखापालाने दिलेल्या अशा कागदावर १८ अक्षर-अंकांचा हा क्रमांक २०१९ पासून सक्तीचा आहे आणि तो सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. कर्जाच्या प्रस्तावात तो नसेल तर मी फाइल पुढे सरकू दिली नसती. पाहणीच्या अहवालातील एका छायाचित्रात रिक्षाच्या क्रमांकाची पाटी 'केए' या अक्षरांनी सुरू होत होती. नागपूरच्या शाळेच्या अहवालात कर्नाटकातील रस्ता चिकटवलेला होता. ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकर सवलत देणाऱ्या कलमाखालची, पावती म्हणून दिलेला कागद साधा होता. २०२५-२६ च्या देणगीचे खरे प्रमाणपत्र म्हणजे १०बीई हा नमुना. ते संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावरच तयार होते आणि त्यासाठी आर्थिक वर्षानंतरच्या ३१ मे पर्यंत मुदत असते. तेव्हा छापील पावतीवरच्या '८०जी' या शब्दाला भुलू नका.

सर्वांत मोठा धक्का विधानपत्राने, म्हणजे नोंदणीच्या वेळी संस्थेने दिलेल्या मूळ दस्तऐवजाने, दिला. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे विधानपत्रात कार्यकारी मंडळावरील प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि व्यवसाय लिहावा लागतो. त्याची प्रमाणित प्रत मी अर्ज करून मिळवली. सात नावे होती, आणि माहितीपत्रकावरच्या सातांपैकी एकही त्यांत नव्हते. चौघांचे आडनाव एकच. व्यवसायाच्या रकान्यात वरून खाली असे लिहिलेले होते: व्यापार, गृहिणी, गृहिणी, शेती, खाजगी नोकरी, व्यापार, शिक्षण चालू. गृहिणी किंवा शेतकरी रस्ता सुरक्षेचे काम करू शकत नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी तसे प्रामाणिकपणे सांगितले असते तर कदाचित मी तरीही पैसे दिले असते. पण खरा रकाना सरकारी दप्तरात झाकून ठेवून आमच्यासमोर उसनी छायाचित्रे मांडली गेली. नोंदणी क्रमांक खरा होता, म्हणून क्रमांक तपासून थांबू नका. विधानपत्र आणि धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकचा (विश्वस्तांच्या नोंदीचा) उतारा मागा, आणि कलम ८ ची, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे पाहा.

आता दाद मागायला गेल्यावर काय झाले ते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण पहिली रक्कम जाऊन सात आठवडे आणि शेवटची जाऊन बारा-तेरा दिवस झाले होते, आणि खात्यात ४१२ रुपये उरल्याचे नंतर कळले. संशय आला की त्याच तासाला फोन करा. मी डॉक्टरांशी बोलल्यावरही लाजेने अर्धा दिवस घरात बसून राहिलो. पोलीस ठाण्यात मी सहा वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले की देणगी स्वखुशीने दिली, म्हणजे हे दिवाणी प्रकरण आहे. दुसऱ्यांदा सांगितले की खाते दुसऱ्या शहरातील शाखेचे आहे, तेथे जा. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात होते. चौथ्यांदा एका अधिकाऱ्याने फाइल न उघडताच विचारले, "काका, तुम्ही बँकेत होते ना? मग असे कसे फसले?" शेजारी बसलेले दोघे हसले. मी एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्या खोलीत माझे हात थरथरत होते. खोटे भासवून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे, आणि गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावी असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. हे दोन्ही मी छापून सोबत नेले होते. पाचव्या खेपेस तो कागद ठेवून घेतला आणि सहाव्या खेपेस तो सापडत नव्हता.

ज्या कार्यालयाच्या दप्तरात ते विधानपत्र पडून आहे, तेथे उत्तर मिळाले की माहितीपत्रकावर कोण काय छापते हे पाहणे त्यांचे काम नाही. मग ते कोणाचे काम आहे? शाळेने विचारायचे, वसाहतीने विचारायचे, की ज्याच्या घरचा माणूस रस्त्यावर गेला त्याने? पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेने ग्राहकाची माहिती देता येत नाही असे कळवले. हा नियम मी स्वतः पाळला आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण व्यापारी खात्यात वसाहती आणि शाळांकडून ओळीने रकमा येत असताना तेथे कोणाला प्रश्न पडला नाही, याचा जाब मला हवा आहे. ठाण्याने नोंद न घेतल्यास वरिष्ठांकडे जाण्याची तरतूद असलेल्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांना पाठवलेल्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेले नाही.

सार्वजनिक रस्त्यावर फलक किंवा गतिरोधक बसवायला त्या रस्त्याच्या मालकाची, म्हणजे महापालिका, बांधकाम विभाग किंवा महामार्ग प्राधिकरण यांची परवानगी लागते. कोणतीही संस्था आली तर ते परवानगीपत्र आधी मागा. आमच्याकडे असे कोणतेही पत्र नव्हते. शाळेसमोर संस्थेच्या मजुरांनी फलकांच्या खांबांसाठी दोन खड्डे खणले होते, दीड-दीड फूट खोल. संपूर्ण ३,८६,५०० रुपयांत रस्त्यावर झालेले काम एवढेच. सप्टेंबरच्या पावसात ते पाण्याने भरले आणि चौथीतला एक मुलगा सायकलसह त्यांतल्या एकात पडला, मनगटावर निभावले. त्या संध्याकाळी आम्ही पाच जणांनी मुरूम आणून ते बुजवले.

वसाहतीतील ७४ घरांपैकी नऊ घरांनी पैसे परत मागितले आणि ते मी निवृत्तिवेतनातून फेडले. बाकीच्यांनी मागितले नाहीत, तरी त्यांचा हिशेब माझ्या वहीत आहे. आता पोलिसांना तपासाचा आदेश मिळावा म्हणून वकिलांमार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करत आहे. सोबत दोन कागद जोडले आहेत, माहितीपत्रकाचे तिसरे पान आणि विधानपत्राची प्रत, आणि त्या प्रतीतला व्यवसायाचा रकाना मी लाल शाईने चौकटीत घेतला आहे. हेच माहितीपत्रक दाखवून आणखी कोणाकडून पैसे घेतले गेले असतील तर त्यांनी लाज बाजूला ठेवून स्वतंत्र तक्रार द्यावी. एका वसाहतीची तक्रार दिवाणी ठरवता येते; पाच-सहा ठिकाणचे तेच तिसरे पान दंडाधिकाऱ्यांसमोर आले, तर तसे म्हणणे कठीण जाईल, असे आमच्या वकिलांचे मत आहे.