पीटीआर-टॉफ मास स्पेक्ट्रोमीटर : वजन अचूक सांगतो, नाव आपण ओळखायचे

हवेतील बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (सहज वाफ होणारी कार्बनी संयुगे) पीपीबीच्या, म्हणजे अब्जातील एका भागाच्या पातळीवर, तीही सेकंदासेकंदाला मोजणारे पीटीआर-टॉफ हे यंत्र (रेणूंना प्रोटॉन देऊन भारित करणारे आणि त्यांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणारे) पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर चालू आहे. किंमत कोटींच्या घरात असल्यामुळे ते घेण्याच्या विचारात असलेल्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

हे तंत्र १९९० च्या दशकात ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात वेर्नर लिंडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. पाण्याच्या वाफेपासून तयार केलेले हायड्रोनियम आयन (जादा प्रोटॉन जोडलेले पाण्याचे रेणू) सुमारे २ मिलिबार दाबाच्या नळीत हवेच्या नमुन्यात मिसळतात आणि ज्या रेणूंना पाण्यापेक्षा प्रोटॉनची ओढ अधिक, तेच त्यांच्याकडून प्रोटॉन घेतात. नायट्रोजन, ऑक्सिजन, मिथेन यांना ती ओढ नसल्यामुळे ते आपसूक बाजूला राहतात, आणि नमुना आधी साठवून ठेवण्याची गरजच उरत नाही. एकदा एका सहकाऱ्याने हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी संत्रे सोलले, तर पडद्यावर १३७ आणि ८१ या वस्तुमानांच्या रेषा तत्क्षणी उसळल्या. सालीतील लिमोनीनचा तो प्रताप होता. वेगाबद्दल आणि संवेदनशीलतेबद्दल मला तक्रार नाही.

खरा प्रश्न ओळखीचा आहे. आमचे जुने क्वाड्रुपोल यंत्र (वस्तुमान पूर्णांकापर्यंतच वेगळे करणारे) ६९ वस्तुमानाची रेषा दाखवी आणि आम्ही ती आयसोप्रीन म्हणून नोंदवीत असू. झाडे आयसोप्रीन उजेडात सोडतात, तरी हिवाळ्यातील रात्रीही ही रेषा चढलेली दिसे. खाली कोणीतरी पालापाचोळा पेटवलेला असे आणि धुरातील फ्युरान त्याच आकड्यावर येऊन बसे. टॉफमध्ये मात्र ६९.०३३ वर फ्युरान आणि ६९.०७० वर आयसोप्रीन असे दोन वेगळे उंचवटे दिसतात, शिवाय ४२ वरचे अ‍ॅसिटोनायट्राइलही सोबत वर जाते, म्हणजे धुराची साक्ष पक्की होते. एवढ्या एका फरकासाठीही मी टॉफच घेईन.

तरीही अ‍ॅसिटोन आणि प्रोपॅनाल यांचे सूत्र एकच असल्यामुळे ते दोघे ५९ वर एकत्रच मोजले जातात, आणि ते वेगळे करायचे तर गॅस क्रोमॅटोग्राफच (संयुगे आधी एकमेकांपासून वेगळी करणारे यंत्र) जोडावा लागतो. फॉर्माल्डिहाइडबाबत अधिक सावध राहावे. त्याची प्रोटॉनची ओढ पाण्याहून किंचितच जास्त असल्यामुळे दमट हवेत प्रोटॉन उलट पाण्याकडे परततो, आणि कोरड्या वायूवर केलेले कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या वायूने यंत्राचे मापन तपासून जुळवणे) जुलैच्या पुण्यात फसवे ठरते. आम्ही आता प्रत्येक वेळी आर्द्रता बदलून कॅलिब्रेशन करतो. त्यात अर्धा दिवस जातो, परंतु इलाज नाही.

विजेचा भरवसा नसेल तेथे मोठ्या क्षमतेचा यूपीएस आधी घ्यावा, कारण पंप बंद पडले की निर्वात पुन्हा नीट स्थिरावेपर्यंत मोजमाप थांबते. कॅलिब्रेशनसाठी लागणाऱ्या प्रमाणित वायूच्या सिलिंडरची तरतूदही यंत्राच्या मागणीपत्रातच करावी. आमचा सिलिंडर संपल्यावर पुरवठादाराकडून नवा यायला चार महिने लागले, आणि त्या काळातील नोंदी संगणकात अजूनही ‘कच्च्या’ या नावाच्या फोल्डरमध्ये पडून आहेत.