यूब्लॉक ओरिजिन लाइट: जुन्या कॉम्प्युटरला झेपणारं ॲड-ऑन

तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कॉम्प्युटर ४ जीबी रॅमचा, ब्राउझर क्रोम. पान उघडायला जरा वेळ लागला की गिऱ्हाईक विचारणारच, "सर्व्हर डाऊन आहे का?" दर वेळी सर्व्हरच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नसतो. तेच पान इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खासगी विंडोत, उघडून बघायचं. आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली ॲड-ऑन्स, तिथे चालत नाहीत. माझ्याकडे पान तिथे झटकन यायचं, नेहमीच्या विंडोत मात्र नुसतं गोल फिरत राहायचं. म्हणजे चोर घरातलाच.

शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की क्रोमचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते तिथे दिसतं, पण सगळं नाही. एक्स्टेन्शन पानात शिरून जे उद्योग करतं, त्याचा खर्च त्या टॅबच्या नावावर चढतो. त्यामुळे यादीत गरीब दिसणारं नेमकं महागात पडू शकतं. दुकानातल्या पोरांनी टाकलेलं डार्क मोडवालं तसलंच निघालं. पानातला एकेक रंग तपासून बदलायचा म्हणजे लांबलचक फॉर्मवर केवढं काम! स्पेलिंग तपासणारं प्रत्येक रकान्याला चिकटायचं. कूपन शोधणाऱ्याचं तर सातबाऱ्याच्या पानावर काय काम, देव जाणे. तिन्ही काढली.

ठेवलं ते रेमंड हिल यांनी बनवलेलं, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट. फुकट आहे. हे नियमांची यादी ब्राउझरच्या हवाली करतं आणि जाहिराती अडवायचं काम ब्राउझर स्वतःच करतो, त्यामुळे याचा स्वतःचा भार नगण्य. उलट बातम्यांच्या साइटवर जाहिरातींच्या स्क्रिप्ट उतरतच नाहीत, म्हणून पान आधीपेक्षा लवकर येतं. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझर मंदच होणार, हे सरसकट खरं नाही ते यामुळेच. फॉर्मच्या साध्या पानावर मात्र फरक जाणवणार नाही. तिथे अडवायला जाहिराती असतात कुठे?

यात बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट असे मोड आहेत. मी बेसिकवरच ठेवतो, कारण त्यात पानात शिरून करायचं काम नसतं. जाहिरातीच्या जागी कधी रिकामा चौकोन उरतो, चालतंय की. कम्प्लीट जास्त साफ करतं, पण पानात हातही जास्त घालतं. आणखी एक उणीव म्हणजे याद्या ताज्या होतात त्या मुख्यतः एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबर, त्यामुळे नवी जाहिरात अधूनमधून निसटते. एखादी साइट अडलीच तर तेवढ्यापुरतं नो फिल्टरिंग करायचं.

पीडीएफचं एक एक्स्टेन्शन कामाचं म्हणून राहू दिलंय. पण त्याच्या साइट ॲक्सेसमध्ये "ऑन क्लिक" निवडलंय; बटण दाबेपर्यंत ते पानाला हात लावत नाही.