डांबरी रस्त्यासाठी काळ्या दगडाची खडी की पोलादाचा स्लॅग?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात सुमारे एक किलोमीटरच्या पट्ट्यात एका बाजूला रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातील प्रक्रिया केलेला स्लॅग (पोलाद बनवताना उरणारा दगडासारखा टाकाऊ पदार्थ) वापरला आहे आणि दुसऱ्या बाजूला नेहमीची खडी. स्लॅगच्या बाजूची जाडी २८ सेंटिमीटर आहे, खडीच्या बाजूची ५०. मात्र ही जाडी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्या ठिकाणासाठी केलेल्या आराखड्यातली आहे. ती उचलून आपल्या अंदाजपत्रकात घालण्यात अर्थ नाही.

मजबुतीच्या बाबतीत स्लॅग सरस आहे. तो कठीण आणि टोकदार असतो, एकमेकांत घट्ट बसतो आणि लवकर गुळगुळीत होत नसल्याने ओल्या रस्त्यावरही चाकांची पकड टिकते. अर्थात आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्टही काही लेचापेचा नाही, त्यामुळे एवढ्याच कारणासाठी खडी सोडण्याची गरज नाही.

खरी गफलत होते ती दरात. खडी ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने विकली जाते, स्लॅग टनाने. स्लॅगचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) साधारण ३.४ आणि बेसॉल्टचे २.८ धरले, तर तेवढीच जागा भरायला सुमारे वीस टक्के जास्त वजन लागते आणि गाडीभाडे त्याच प्रमाणात वाढते. शिवाय स्लॅग सच्छिद्र असल्याने डांबरही जास्त पितो. म्हणून तुलना करायची ती जागेवर पोहोचलेल्या घनमीटरच्या दराची.

सर्वांत नाजूक मुद्दा मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न जुळता उरलेल्या चुन्याचा आहे. स्लॅगमध्ये राहिलेला हा चुना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) पाणी लागले की फुगतात आणि वरचा डांबराचा थर उचलला जाऊन त्याला तडे जातात. यावर उपाय म्हणजे स्लॅग फोडून, त्यातले लोखंड चुंबकाने काढून, ढिगावर कित्येक महिने पाणी मारत तो मुरवणे, किंवा वाफेची प्रक्रिया करून हा काळ कमी करणे. ताज्या ढिगाचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. डांबरात न मिसळलेल्या खालच्या थरात स्लॅग टाकल्यास त्यातून झिरपणारे पाणी अल्कधर्मी असते, त्यामुळे विहिरींजवळ आणि पाणी साचणाऱ्या भागात खडीच बरी.

डोलवीच्या कारखान्याजवळच्या पेण-अलिबागच्या परिसरात, प्रत्येक खेपेचा फुगण्याच्या चाचणीचा अहवाल मिळत असेल, तर डांबरी थरांसाठी मी स्लॅग निवडेन. परभणी-लातूरकडे मात्र वाहतुकीतच बचत संपते आणि खाण जवळ असते. तिथे खडीला पर्याय शोधण्याचे कारण दिसत नाही.